वेळापूर ते मालवण : घाटमाथ्यावरून समुद्राकडे

वेळापूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले गाव. यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे हेमाडपंती मंदिर आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शिलालेख ही त्याची जुनी ओळख. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा मुक्काम इथे असतो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तालुक्यातला बराचसा ऊस नीरा उजव्या कालव्यावर, म्हणजे भोरकडच्या डोंगरांत पडलेल्या पावसावर वाढतो. जोडून आलेल्या सुट्ट्यांत इथून समुद्र पाहायला निघालेल्या माणसालाही पाऊस अडवणारी हीच सह्याद्रीची रांग ओलांडावी लागते. वाटेत राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, घाट आणि शेवटी बेट असा क्रम लागतो.

सांगोल्याला आले की रत्नागिरी–नागपूर महामार्ग मिळतो. डाळिंबाच्या बागा, मग नागज, कवठेमहांकाळकडचे माळ आणि द्राक्षबागा मागे टाकत रस्ता मिरजेला पोहोचतो. कृष्णाकाठी आल्यावर माती काळी होते आणि ऊस दाट होतो. इथून थेट कोल्हापूर गाठता येते किंवा इस्लामपूर–शिराळ्याकडे वळून आधी चांदोली पाहता येते.

चांदोलीचे जंगल १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे हे उद्यान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे. वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर जलाशय त्याच्या पोटात आहे. २०१० साली चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तर २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत या जंगलाचा समावेश झाला. धरण आणि अभयारण्य यांसाठी इथली अनेक गावे उठली. जंगलात आज दिसणारी मोकळी गवताळ पठारे काही ठिकाणी त्या गावांची जुनी शेते आहेत.

उद्यानाच्या पश्चिम कड्यावर प्रचितगड आहे आणि त्याच्या पायथ्याशी शृंगारपूर. जवळच्या संगमेश्वरात फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. मोगल सरदार मुकर्रबखान त्यासाठी कोल्हापूरकडून घाट उतरून आला होता. औरंगजेबाची छावणी त्या वेळी वेळापूरच्या शेजारी, अकलूजला होती. महाराजांच्या कैदेची बातमी बादशहाला तिथेच मिळाली. माळशिरसचा माळ आणि कोकणचा कडा त्या महिन्यात असे एका घटनेने बांधले गेले.

कोल्हापूरहून मालवणला जाण्यासाठी राधानगरी–दाजीपूर–फोंडा घाट हा मार्ग निसर्ग पाहणाऱ्याला सोयीचा. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही पावसाळ्यात बातमीचा विषय होतात. पलीकडचे दाजीपूर हे करवीर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ साली गव्यांसाठी तिथे अभयारण्य झाले आणि १९८५ साली ते राधानगरीपर्यंत वाढवण्यात आले. क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. सदाहरित झाडी आणि जांभ्याचे सडे अशी इथली रचना आहे. गवे सडा उतरून पाणवठ्यावर येतात, ती वेळ सकाळची आणि तिन्हीसांजेची. या घाटमाथ्यावर वेळापूरच्या आठ-दहा पट पाऊस पडतो.

फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे मालवण येते. समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. जंजिरा हाती येईना आणि सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्यावर वचक तर हवा, म्हणून शिवाजी महाराजांनी हे बेट निवडले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्त झाला. ज्या खडकाजवळ पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसे ओतले गेले. ४८ एकरांच्या या बेटाला चहूबाजूंनी खारे पाणी असले, तरी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेले शिवराजेश्वर मंदिरही आतच आहे.

पुढे किल्ला करवीरकरांकडे राहिला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले, पण वर्षभरातच परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी असलेला हा दुवा तुटला.

किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात प्रवाळ आणि समुद्री शैवाल. मासेमारीवर बंधने येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. स्नॉर्केलिंग करून प्रवाळ पाहण्याची सोय किल्ल्याजवळ आहे, तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तारकर्ली–देवबागची वाळूची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी निमुळती होत जाते. किनाऱ्यावर सकाळी रापण ओढली जात असेल, तर ताजा मासा तिथेच मिळतो.

वेळापूर ते मालवण हे अंतर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक. फक्त मालवण पाहायचे तर जोडून आलेल्या तीन सुट्ट्या पुरतात. दाजीपूर आणि चांदोली धरायचे तर दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागते. पावसाळ्यात दोन्ही जंगलांत पर्यटकांना प्रवेश नसतो आणि किल्ल्याच्या होड्याही मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत बंद असतात. वेळापुरात वारीची गर्दी असते ते दिवस यामुळे या प्रवासातून आपोआप वगळले जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. जंगलासाठी वन विभागाची परवानगी आणि मालवणात राहण्याची सोय आधी पक्की करून निघावे.