नखाला लागलेला खड्डा

गाडी धुतली तरी स्विंगआर्मवरचा एक डाग जाईना. तळहाताएवढा, काळपट, वर बारीक माती चिकटलेली. चेनला मारलेलं ल्यूब उडालं असेल, असं समजून मी तो चिंधीने पुसला आणि विसरून गेलो. आठवडाभराने डाग परत त्याच जागी. या वेळी स्प्रिंगच्या खालच्या दोन वेढ्यांवरही तेलाची चकाकी होती.

गाडी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने रॅलीसाठीचा लांब, खोलून दुरुस्त करता येणारा मोनोशॉक बसवला होता. गाडी घेताना मी त्याच शॉकअपवर भाळलो होतो. त्याचीही काही देखभाल असते, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ताम्हिणीकडे निघालो. पौड, मग मुळशी धरण. डांबरावर काहीच जाणवलं नाही. कच्च्या वाटेला लागलो आणि गाडीची चाल बदलली. एखाद्या दगडावरून चाक गेलं की मागचं अंग एकदा दबून थांबायच्या ऐवजी तीन-चारदा वरखाली व्हायचं. उतारावर पावसाच्या पाण्याने आडवे चर खोदले होते. पहिल्या चरात सीट बसली, दुसऱ्यात तिने मला वर फेकलं आणि तिसऱ्याला गाडी माझं काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. पडलो नाही एवढंच. उरलेला उतार पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला लावत काढला.

मागच्या शॉकअपमध्ये कामाची वाटणी असते. वजन पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग मोकळी होताना उसळते. ती उसळी मारायचं काम तेलाचं. रॉडच्या टोकाला पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि त्यावर पातळ पोलादी चकत्या. पिस्टन हलला की तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच खडकाळ वाटेवर तासभर गाडी दामटली की शॉकअपला हात लावता येत नाही. तेल कमी झालं की स्प्रिंगला लगाम राहत नाही. माझी गाडी उधळत होती ती त्यामुळे.

हे तेल आत नुसतं भरलेलं नसतं, ते दाबाखाली असतं. बाजूच्या छोट्या टाकीत नायट्रोजन असतो, साधारण 10 बार, म्हणजे दीडशे पीएसआयच्या आसपास. कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास पाचपट. तेल आणि वायू यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन किंवा रबरी फुगा. हा दाब नसेल तर पिस्टन वेगाने धावताना त्याच्या मागे पोकळी होते, तेलात बुडबुडे धरतात आणि फेसाळलेलं तेल कुणालाच अडवत नाही. वायूच्या दाबाची ही युक्ती फ्रेंच अभियंता द कार्बाँ याने 1950 च्या दशकात रुळवली. पण दाब आला की त्याला कोंडून ठेवणारं काहीतरी लागतं. ते काम रॉडभोवतीच्या एका रबरी कड्याकडे, म्हणजे ऑइल सीलकडे. त्याच्या बाहेर माती अडवायला डस्ट सील.

पुढच्या फोर्कचं सील पाझरायला लागलं तर पुष्कळदा एक घरगुती उपाय चालतो. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवायची, अडकलेला कण निघतो आणि गळती थांबते. मागच्या शॉकअपला ही चलाखी चालत नाही. तिथलं सील सीलहेडच्या आत बसलेलं असतं आणि त्याच्यामागे तो दाब असतो. खोलण्यावाचून इलाज नाही.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये शॉकअप दिला. नाना पेठेतून सील आणून त्यांनी दोन दिवसांत बसवून दिलं. आत काय भरलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘हवा. एकच असतं हो.’’ एकच नसतं. कॉम्प्रेसरच्या हवेत बाष्प असतं, ऑक्सिजन असतो. गरम तेलाशेजारी ही दोन्ही नकोत. पण तेव्हा मी मान डोलावली आणि पैसे दिले. तीन आठवड्यांनी स्विंगआर्मवर तोच डाग.

मग एका रायडर मित्राने भोसरीला पाठवलं. एमआयडीसीतल्या लेथच्या शेडांच्या रांगेत साठीच्या घरातले एक मेस्त्री फक्त शॉकअपचं काम करतात. बाहेर पाटी नाही. त्यांनी शॉकअप हातात घेऊन आधी फक्त वास घेतला. ‘‘तेल जळलंय,’’ म्हणाले. मग व्हॉल्व्हचं टोपण काढून, तोंड बाजूला करून, दाब सोडला. फुस्स आवाज अगदीच छोटा. ‘‘हा आधी सोडायचा. विसरलं तर सीलहेड गोळीसारखं येतं.’’

स्प्रिंगचा ताण सैल करून ती उतरवली. सीलहेड आत दाबलं, खाचेतली सर्क्लिप टोकदार पोकरने उचकटली आणि रॉड, पिस्टन, सील असं सगळं एका झटक्यात बाहेर आलं. मागोमाग तेल. तेल कसलं, तीनदा उकळलेल्या चहासारखं करडं पाणी. सील नवंच होतं, तरी त्याचा ओठ एका बाजूने कातरलेला.

‘‘सील वाईट होतं का, मेस्त्री?’’

‘‘सीलचा काय दोष? हात आणा इकडे.’’

त्यांनी रॉड फडक्याने लख्ख पुसला आणि माझ्या अंगठ्याचं नख त्यावर टेकवून वरून खाली ओढत नेलं. आरशासारखा रॉड, नख घसरत होतं. खालून चार बोटांवर ते किंचित अडखळलं. डोळ्यांना काही दिसेना. त्यांनी टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसला तो मोहरीपेक्षाही लहान गंजाचा खड्डा. गाडी दर वेळी दबली की हा खड्डा सीलच्या ओठावरून करवतीसारखा जात होता. अशा रॉडवर दहा सील बसवली असती तरी दहाही कातरली गेली असती.

‘‘गाडी प्रेशरने धुता?’’ मी हो म्हटलं. ‘‘बंदूक जवळ धरून?’’ तेही हो. रॉडवरचं हार्ड क्रोम म्हणजे काही शतांश मिलीमीटरचा थर. दगडाने त्याला टोचा पडतो. प्रेशरचं पाणी डस्ट सीलच्या आत चिखल घेऊन शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. माझी गाडी पावसाळाभर पत्र्याच्या शेडखाली ओलीच उभी असायची. गंजाला आणखी काय हवं?

रॉड शेजारच्या शेडमध्ये गेला. जुनं क्रोम उतरवणं, नवं चढवणं, मग ग्राइंडिंगवर पुन्हा मापात आणणं, याला चार दिवस. मधल्या एका फेरीत चहा पिताना मेस्त्रींनी शेडच्या कोपऱ्यातली एक जुनी मोटारसायकल दाखवली, मागे दोन शॉकअपवाली. मोटोक्रॉसच्या गाड्याही एके काळी अशाच असत. बेल्जियमच्या ल्युसिएन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने मागे एकच लांब शॉकअप बसवला, आणि 1973 साली स्वीडनच्या होकान आंदेर्सनने यामाहावर 250 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, त्या मोसमात ही रचना शर्यतीत उतरली होती. पुढे मागच्या चाकाची हालचाल वाढत वाढत आजच्या मोटोक्रॉस गाड्यांत 300 मिलीमीटरच्या आसपास पोचली. ‘‘आधी दोघांत वाटलं जायचं, आता एकाच्याच डोक्यावर,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘आणि तोही चाकाच्या तोंडासमोर, चिखलात.’’

जोडणीच्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. रॉडच्या टोकाच्या आट्यांवर त्यांनी आधी चिकटपट्टी गुंडाळली, नव्या सीलचा ओठ आट्यांवर फाटू नये म्हणून. सीलला बोटाने ग्रीस. मग स्वच्छ, पातळ, लालसर तेल काठोकाठ, आणि रॉड अगदी सावकाश वरखाली. प्रत्येक फेरीला दोन-चार बुडबुडे वर यायचे. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत अर्धा तास गेला. या अर्ध्या तासात मेस्त्री कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, दोनदा वाजलेला फोनही उचलला नाही. सर्वांत शेवटी नायट्रोजन. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या घरातला दाब, तो रेग्युलेटरने दहावर आणून. त्यांनी रॉड हाताने आत दाबला आणि सोडला. तो परत आला, पण घाई न करता.

नवरात्राच्या आधी मी पुन्हा त्याच वाटेवर गेलो. चर तेच, थोडे वाळलेले. मागचं अंग एकदा दबायचं, उठायचं आणि थांबायचं. घरी आल्यावर रॉडच्या मुळाशी टिश्यू पेपर फिरवला. माती होती, तेल नव्हतं.

वॉशिंग सेंटरवरचा पोरगा आता मला ओळखतो. बंदूक घेऊन तो मागच्या चाकाकडे वळला की मी आडवा होतो. ‘‘मग तिथला चिखल कसा काढू, दादा?’’ असं त्याने पहिल्यांदा वैतागून विचारलं होतं. हल्ली तो न विचारताच बादली आणि जुना दाढीचा ब्रश माझ्या हातात देतो.