गिधाडे परतली, त्या माळावर

वाचकहो, असा एक मुलूख डोळ्यांपुढे आणा, की जिथे पाऊस आपल्या अवर्षणी भागापेक्षा बरा पडतो, तरी वर माळावर ओढा नाही की नाला नाही!

दक्षिण फ्रान्समधली ही चुनखडीची पठारे. तिकडे अशा पठाराला ‘कोस’ म्हणतात. आपला अंतराचा कोस नव्हे बरं! त्यांतले ‘कोस मेजाँ’ सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, खडकाला भेगा आणि भुयारे पडतात, आणि पाणी चाळणीतून जावे तसे खाली उतरते. ते पुन्हा दिसते ते शेकडो मीटर खाली, तार्न आणि जोंत या नद्यांच्या घळींत, झरे होऊन. वर उरते खुरटे गवत आणि वारा. खोलगट जागी तांबडी माती साचते, तेवढ्यातच पीक निघते. बाकी माळ मेंढरांचा. त्यांच्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी दगडी फरसबंदीची उथळ तळी बांधली आहेत. मेंढीच्या दुधाचे प्रसिद्ध रोकफोर चीज याच भागातले.

मेंढरे आली, म्हणजे मेलेली मेंढरेही आली. ती फस्त करणारी गिधाडे लोकांनी गोळ्या घालून, विष घालून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवली. मग १९८१ पासून पिंजऱ्यात सांभाळलेली गिधाडे जोंतच्या कड्यांवर सोडली. आज तिथे शेकडो जोड्या नांदतात. ऊन तापले की कड्यावरून उठतात आणि पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालतात. कित्येक शेतकरी मेलेले मेंढरू आपल्याच रानात ठरलेल्या जागी त्यांच्यासाठी ठेवतात. सगळेच खूश आहेत असे मात्र नाही. अडलेल्या, आजारी जनावरालाही ती टोचतात, अशी काहींची तक्रार आहे.

आपल्याकडची गोष्ट निराळी. आपण गिधाडाला गोळी घातली नाही. जनावराच्या सुजेवर, दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक त्यांना भोवले. औषध टोचलेले ढोर दगावले, गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद झाले. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध मिळते.

तेव्हा गोठ्यात सुई भरली जात असताना कुपी मागून घ्या, नाव वाचा. आणि गावच्या ढोरफाडीच्या जागी शेवटचे गिधाड कधी उतरले होते, ते घरातल्या आजोबांना विचारा.