प्रभाकर

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते. तिच्या पात्रावरून येणारा वारा आमच्या ओसरीत शिरला की चिमणी फक्कन विझे. टिकायचा तो आबाजींचा प्रभाकर कंदील. त्याची काच राखेनं पुसायचं काम माझं, कारण तिच्यात लहान हातच शिरे. महाशिवरात्रीच्या यात्रेत आबाजी तो घेऊन रेतीतून पुढे चालत, आम्ही मागे.

कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या म्हणजे नुसता सांगाडा नव्हे. त्या वरून ताजी हवा घेऊन वातीपाशी पोचवतात आणि धूर वेगळ्या वाटेनं निघून जातो. म्हणून ज्योत उजळ आणि स्थिर. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॉन आयर्विननं काढली. आमच्या ओसरीपर्यंत ती आणली ओगले बंधूंनी. कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत त्यांनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला. भोवतालची वस्ती ओगलेवाडी झाली, कंदिलाला वडिलांचं नाव मिळालं.

पुढे नोकरीसाठी मुंबईला गेलो. तिथं एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत ‘पीएच ५’ हा टांगता दिवा पाहिला. डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेनचा, १९५८ चा. एकाखाली एक अशा तबकड्या. कुठंही बसा, बल्ब डोळ्यांत खुपत नाही. विजेचा उघडा झगझगाट हेनिंगसेनला सोसत नसे. लहानपणच्या तेलाच्या दिव्याचा मऊपणा त्याला बल्बकडून हवा होता. शिल्पकार इसामु नोगुचीही १९५१ मध्ये जपानात गिफूच्या कंदील कारागिरांकडे गेला आणि कागद-बांबूचे ‘आकारी’ दिवे करू लागला. विजेच्या जमान्यातले हे नामांकित दिवे कंदिलाकडूनच शिकत होते. (किंमत ऐकून आबाजी मात्र उठूनच गेले असते.)

‘पीएच ५’ आला त्याच १९५८ साली चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्यानं भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याची तोंडभरून स्तुती केली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातूनच १९६१ मध्ये उभी राहिली. लोट्याचा मान रास्तच. पण तो पिढ्यांनी घडवला, त्याचा कर्ता सांगता येत नाही. प्रभाकरचे कर्ते माहीत असूनही मी चाळलेल्या डिझाइनच्या पुस्तकांत हेनिंगसेन भेटतो, ओगले भेटत नाहीत. मूळ युक्ती परक्याची होती म्हणून? वीज न पोचलेल्या घरांना परवडेल असा उजेड करून देणं हीसुद्धा घडणच, आणि माझ्या लेखी ती अधिक अवघड.

तो कारखाना कधीच बंद पडला. तुमच्या माळ्यावर एखादा प्रभाकर असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी काच पुसून एकदा पेटवून पाहा.