लाटण्याच्या मापाचा लेथ

पुण्यातल्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि मी धुळ्याला, देवपूरच्या घरी परतलो. दिवसभर कोड लिहून झाल्यावर हाताला लागेल असं काहीतरी हवं होतं. मागची पडवी रिकामी होती, म्हणून लाकडाचा लेथ घ्यायचं ठरवलं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा लेथ चालवला होता, त्यामुळे यातलं आपल्याला कळतं असा माझा समज. लॅपटॉप निवडावा तसं एक्सेल उघडलं. ११ मॉडेलं, मोटरचे वॅट, वजन, किंमत. मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, हा रकाना हिरवा रंगवला. तीन महिने तक्ताच वाढत होता.

त्याच सुमारास आजीच्या हातून लाटणं निसटायला लागलं. संधिवाताने बोटं मिटत नव्हती. आईने पोळ्या स्वतःकडे घेतल्या, आणि आजी स्वयंपाकघरात यायचीच कमी झाली.

तिच्यासाठी पातळ लाटणं करून घ्यायला पाच कंदीलकडच्या एका म्हाताऱ्या खरादीकाकांकडे गेलो. लोखंडी चॅनेलचा, पट्ट्यावर चालणारा त्यांचा लेथ त्यांनी स्वतःच जुळवलेला. मी माझ्या तक्त्याबद्दल उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुले काय करनं शे?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

घरी येऊन मापं घेतली. लाटणं १३ इंच, पोळपाट १० इंच. मी जवळजवळ मागवलेल्या स्वस्त लेथच्या दोन टोकांत १२ इंचच अंतर होतं, म्हणजे लाटणं बसणारच नाही. त्याचा स्विंग, म्हणजे फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास, ८ इंच. पोळपाटही गेला. शिवाय १० इंची चौकोनी फळीचा कर्ण १४ इंचांहून जास्त भरतो. कोपरे आधी करवतीने उडवल्याशिवाय ती १२ इंचांच्या लेथवरही फिरत नाही.

हिरव्या रकान्याचाही हिशेब केला. १० इंची पोळपाट मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची कड ताशी सुमारे १३४ किलोमीटरने धावते. महामार्गावरच्या गाडीपेक्षा जोरात, आणि माझं तोंड हातभर अंतरावर. ५०० फेऱ्यांना तीच कड ताशी २४ किलोमीटर. मला कमीत कमी वेग किती, हे बघायला हवं होतं.

शेवटी १२ इंच स्विंग आणि १८ इंच अंतर असलेला, वेग खाली आणता येणारा लेथ घेतला. मोटर एक पायरी लहान घेतली. वाचलेल्या पैशांत पटाशा, त्यांना धार लावायला ग्राइंडर, तोंडावरची काच आणि धुळीचा मास्क आला. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. हे काकांनी माझ्याच हातात पटाशी देऊन दाखवलं.

लाटणं त्यांनी अर्ध्या तासात, थोड्या पैशांत करून दिलं असतं. पण आजीच्या मुठीचं माप तिलाही सांगता येत नव्हतं. सागवानाचं पहिलं लाटणं जाड झालं, दुसरं मधोमध लचकलं. तिसरं मी चार वेळा लेथवर परत चढवलं. दर वेळी मुठीजवळ जरासं उतरवायचं आणि तिच्या हातात द्यायचं.

पाचव्यांदा तिने ते पोळपाटावर फिरवून पाहिलं. "आते बरं शे," म्हणाली, आणि आईकडे कणीक मागितली.