आर्णीहून स्टॉकहोम : एका बुद्धमूर्तीसाठी

आर्णीच्या आम्हा उपासक-उपासिकांची सहल म्हणजे दीक्षाभूमी, फार तर अजिंठा. आता बेत आहे स्वीडनच्या राजधानीचा. कारण एकच. स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास स्वात खोऱ्याकडे घडलेली ही मूर्ती मेलारेन सरोवरातील हेल्गो बेटावर उत्खननात सापडली, ती १९५६ साली. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला तथागतांचा धम्म दिला!

मुक्काम चार दिवसांचा. जूनमध्ये तिकडे दिवस सर्वांत मोठा. पण तेव्हा आमची कपाशीची पेरणी. म्हणून मे महिना धरला. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. खर्चाला मात्र युरो नव्हे, क्रोना.

पैशासाठी भिशी सुरू केली. मुलांची फी आधी, सहल नंतर. कर्ज कोणीही काढायचे नाही, असे बैठकीत ठरले.

एका मावशींनी विचारले, “मूर्ती तर आपल्या विहारातही आहे, मग एवढ्या दूर कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या नातवंडांनी स्वकष्टाच्या पैशाने समुद्रापार जाऊन बुद्ध पाहावा, यालाही मोल आहे. हे ऐकून मावशींनीच भिशीत पहिले नाव लिहिले.

वाटेत नागपूर आहेच. आधी दीक्षाभूमीला वंदन, मग बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळावरून प्रस्थान. जयभीम!