खाटेवरून दिसणारा शिंजीर

परभणीहून जिंतूरकडे जाणारा रस्ता फाल्गुनात एकदा तरी सकाळच्या प्रहरी पाहावा. काळ्या, सपाट रानांतून निघालेली वाट हळूहळू टेकड्यांच्या दिशेला लागते. गवत वाळलेले असते, ज्वारी काढणीला आलेली असते आणि करड्या माळावर पर्णहीन पळस केशरी फुलांनी पेटलेले दिसतात. नेमगिरीच्या पायथ्याशी घटकाभर सावलीत बसावे. सोबत वडीलधारे कोणी असेल, तर ऊन चढण्यापूर्वीच परतीची तयारी ठेवावी. इथला उन्हाळा चाळीस अंश सहज ओलांडतो.

तोवर पळसाकडे पाहत राहा. फुलांत एक काळा ठिपका हलतो आणि ऊन पडताच जांभळा-निळा चमकतो. हा जांभळा शिंजीर. याला सूर्यपक्षी असेही म्हणतात. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, चोच बाकदार. दूरचित्रवाणीवर हमिंगबर्ड पाहून "असा पक्षी आपल्या अंगणात यावा" असे आपणास वाटले असेल. तो केवळ अमेरिका खंडांत राहतो. आपल्याकडे फुलांतील मध टिपण्याचे काम हा शिंजीर करतो. क्षणभर तो हवेत फडफडत स्थिर राहतो खरा. पण बहुधा डहाळीवर बसूनच मध पितो. म्हणूनच थकलेल्या डोळ्यांनाही तो निवांत पाहता येतो.

आता आपल्या घरी परतू या. गुडघे, दमा किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांचे जग एक खाट आणि एक खिडकी एवढेच उरले आहे, त्यांच्यासाठी या पक्ष्याला अंगणात बोलावता येईल का? येईल. त्यासाठी झाड निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे झाड कोणासाठी लावत आहोत?

पळस आणि पांगारा शिंजिराला अतिशय प्रिय. पण त्यांचा विस्तार मोठा आणि बहरायला वर्षे लागतात. ते शेताच्या बांधावर, नातवंडांसाठी लावावेत. आजी-आजोबांसाठी मात्र अडुळसा. फांदी खोचली तरी तो जगतो, लवकर वाढतो, शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि हिवाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतो. त्याच्या जोडीला धायटी लावावी. तिची लाल, नळीसारखी फुले हिवाळा सरताना उमलतात. मुरुडशेंगेची लाल फुले पावसाळ्यात येतात. जागा कोरडी, मुरमाड असेल तर नेपतीचा विचार करावा. ही सारी आपल्याच माळरानांतली झाडे. एकदा रुजली, की फारशा पाण्याची अपेक्षा ठेवीत नाहीत. रोपांबाबत शंका असल्यास परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील जाणकारांना विचारावे.

कण्हेर आणि बिट्टी मात्र टाळावी. त्यांचे सर्व भाग विषारी असतात. घरात लहान मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर हा धोका पत्करू नये. अडुळसा औषधी असला, तरी चालू गोळ्यांसोबत त्याचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रोप खिडकीसमोर, खाटेवर पडल्या पडल्या नजरेला येईल असे लावावे. जाण्यायेण्याच्या वाटेत कुंडी किंवा पाण्याचा ओलावा नको, पाय घसरतो. उथळ परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत. कीटकनाशक फवारू नये. शिंजीर आपल्या पिलांना किडे आणि कोळीच भरवतो.

कदाचित वसंतात मादी ओसरीतल्या तारेलाही घरटे टांगेल. गवत, पालापाचोळा आणि कोळ्याची जाळी यांची ती लोंबती पिशवी. दार बाजूला आणि त्यावर इवलासा छज्जा. अंडी उबवण्याचे दोन आठवडे ती एकटीच काढते. त्या दिवसांत घरट्याला हात लावू नये. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला, लेकीला किंवा मुलाला त्या मादीची चिकाटी ओळखीची वाटेल.

शिंजीर दुखणे बरे करीत नाही. पण सकाळी औषध देताना "आज आला का?" असे आपण विचारावे आणि खाटेवरून "दोनदा आला" असे उत्तर यावे, एवढे तो घडवतो. दुखण्यावाचून दुसरे काही बोलणेच उरले नसलेल्या घरात हे थोडे नाही. येत्या आषाढात, पहिला चांगला पाऊस झाला, की अडुळशाची एक फांदी खोचा. मात्र जागा त्यांनाच निवडू द्या.