पोकळ आवाज

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एक संवाद ठरल्याप्रमाणे होत असे.

"अहो, आईंच्या खोलीतली भिंत पाहिलीत का? पुन्हा पापुद्रे सुटलेत."

"पाहिली. रंग देऊन टाकू."

आणि मी खरोखरच रंग देऊन टाकीत असे. दिवाळीत भिंत नव्या नवरीसारखी दिसे. संक्रांतीपर्यंत तिचा नूर उतरे. असे चार-पाच वर्षे चालले.

त्या भिंतीच्या पलीकडे आमचे न्हाणीघर. त्याच्या भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत सहा इंची, चौकोनी, पांढऱ्या टाइल्स होत्या. वडिलांनी १९८८ साली फंडातून कर्ज काढून त्या बसवून घेतल्या. गल्लीतली माणसे मुद्दाम पाहायला आली, हे मला अजून आठवते. वडील गेले, त्यांची छत्री, चष्मा, कोट एकेक करून घरातून गेले. टाइल्स मात्र राहिल्या. त्यांना हात लावायचा नाही, असे मी कोणालाही न सांगता ठरवून टाकले होते.

गेल्या दिवाळीनंतर सौभाग्यवतींनी मला न विचारता मिस्त्रीला बोलावले. त्याने थापी उलटी धरली आणि तिच्या मुठीने एका टोकापासून टाइल्स ठोकायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्... आणि मग एकदम आवाज बदलला.

"गुरुजी, ऐकलंत? पोकळ."

"वडिलांच्या वेळचं काम आहे. त्यांनी चांगलं करून घेतलं होतं," मी म्हणालो.

"काम चांगलंच आहे. पण ते बादली-तांब्यासाठी केलेलं. हा शॉवर कुणी लावला?"

शॉवर मी लावला होता, मोठ्या हौसेने.

"तांब्यापुरत्या भिंतीवर तुम्ही रोज पाऊस पाडलात," तो म्हणाला. "टाइल पाणी अडवते असं लोकांना वाटतं. सांध्यातलं पांढरं सिमेंट पाणी पितं. अडवायचं काम मागच्या गिलाव्याचं."

"जुन्यांवरच नव्या चिकटवल्या तर?"

"पोकळावर? मग त्यापेक्षा रंगच द्या की!"

दारात आई उभी होती. ती हळूच म्हणाली, "काढून टाक रे. त्यांच्या टाइल्स तू जपल्यास, पण ओल माझ्या उशाशी यायची."

मी तिच्या खोलीत जाऊन पाहिले. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली होती. ती रोज सकाळी गोधडी उन्हात टाकते, ती सवय म्हणून, असे मी समजत होतो. चाळीस मुलांच्या वह्यांतली चूक शोधणाऱ्या माणसाला एवढेही दिसू नये!

मे महिन्याच्या सुटीत काम काढले. ज्या टाइल्स मी इतक्या अभिमानाने सांभाळल्या, त्यांतल्या कितीतरी छिन्नी लागताच हातात आल्या. मागचा गिलावा काळा पडला होता. बोटाने कुरतडला तर वाळू झाली. विटा उघड्या करून भिंत पंधरा दिवस वाळू दिली. मग पाणी न झिरपणारा नवा गिलावा, आणि त्यावर सात दिवस पाणी मारायचे. ओल घालवण्यासाठी भिंतीला पाणी! मला हसू आले. पण गिलाव्याला बळ येते ते त्यानेच, असे मिस्त्री म्हणाला. नंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा; कोपऱ्यांत जाळीची पट्टी. शेवटी नव्या टाइल्स, शॉवरच्याही वरपर्यंत, आणि सांध्यांत एपॉक्सी. तोवर आम्ही सगळ्यांनी परसात आडोसा करून अंघोळी केल्या.

आईच्या खोलीतली भिंत पावसाळाभर तशीच ठेवली. सबंध पावसाळ्यात ती कोरडी राहिली, तेव्हा नवरात्राच्या आधी तिला रंग दिला. त्याच दिवशी आईने खाट पुन्हा भिंतीला लावून घेतली. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

जुन्या टाइल्सपैकी एक तिने मिस्त्रीकडून अखंड मागून घेतली आहे. यंदा तुळशीपुढची पणती तिच्यावर ठेवायची म्हणते. तेल सांडले तरी पुसून घेता येते, वृंदावनाला डाग पडत नाही.